कोनतं शिरपूर?

अकोल्याच्या बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीशी जाऊन कुणी ‘शिरपूरची गाडी कधी आहे?’ म्हणून विचारलं, की आतून उत्तराच्या आधी प्रश्न यायचा. ‘कोनतं शिरपूर? जैनाचं का?’ विचारणारा गुजरातेतून नाहीतर सोलापूरकडून आलेला यात्रेकरू असला, तर खिडकीतला माणूस आणखी चौकशी करी. संगं म्हातारं माणूस आहे का, सामान किती, मुक्काम करायचा का आजच परतायचं. मग सांगे, वाशिमची गाडी धरा, मालेगावला उतरा, तिथून रिसोडकडची मिळंल. आणि मालेगावचं नाव घेतल्याबरोबर जोडून टाकी, ‘आपलं मालेगाव बरं, नाशिकवालं नाई.’

ही सत्तर-ऐंशीच्या दशकातली गोष्ट. या उलटतपासणीचं तेव्हा कुणाला वाईट वाटत नसे, कारण तिच्याशिवाय भागतच नसे. धुळे जिल्ह्यातलं शिरपूर तालुक्याचं ठिकाण, मुंबई-आग्रा रस्त्यावरचं, आमच्यापेक्षा कितीतरी मोठं. यवतमाळ जिल्ह्यात वणीकडं एक शिरपूर आहे. छत्तीसगडात महानदीच्या काठी सिरपूर आहे, विटांच्या लक्ष्मण मंदिराचं. त्याचं जुनं नाव श्रीपूर, आणि आमच्या गावाचंही जुनं नाव श्रीपूरच. आमच्या नावापुढं ‘जैन’ आहे म्हणून थोडीफार ओळख पटते. तरी वडील पत्रावर ‘शिरपूर जैन, तालुका मालेगाव’ एवढ्यावर थांबत नसत. खाली ‘जिल्हा अकोला, विदर्भ’ असं ठळक लिहीत आणि विदर्भाखाली रेघ मारीत.

आता हाच प्रश्न माणसं फोनला, म्हणजे त्यातल्या चॅटजीपीटीसारख्या साधनाला, विचारतात. मीही विचारून पाहिला. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला शिरपूरला कसं जायचं, असं स्वच्छ मराठीत लिहिलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं, भाषा सुबक, मुद्दे पाडलेले. देवळाचं वर्णन आमच्याच देवळाचं होतं. पण जवळचं रेल्वे स्टेशन म्हणून नरडाणा सांगितलं होतं. नरडाणा धुळे जिल्ह्यात आहे, तिथल्या शिरपूरकरांचं स्टेशन. आमच्यापासून ते अडीचशेहून अधिक किलोमीटर पश्चिमेला. आमचं स्टेशन वाशिम, गावापासून वीसेक किलोमीटरवर. अकोला-पूर्णा मार्गावर मीटरगेज होती तेव्हाही तेच होतं आणि २००८ मध्ये ब्रॉडगेज झाल्यावरही तेच आहे. त्याच उत्तरात जिल्हा अकोला म्हटला होता. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला, त्याला पाव शतक उलटून गेलं. आणि खाली लिहिलं होतं, मंदिर कुलूपबंद असून दर्शन झरोक्यातून घ्यावं लागतं.

या तिन्ही चुका मी नीट पाहिल्या, कारण प्रत्येकीला काहीतरी कूळ आहे. जिल्ह्याची चूक जुन्या पुस्तकांतून आणि जुन्या पानांतून आली. ती लिहिली तेव्हा बरोबरच होती. कुलुपाचीही तशीच, ते २०२३ मध्ये निघालं. स्टेशनची चूक मात्र दोन गावं एकमेकांत मिसळल्यामुळं झाली. ही साधनं गाव ओळखत नाहीत, शब्दापुढं कोणता शब्द येण्याचा संभव जास्त हे ओळखतात. ‘शिरपूर’ या शब्दाभोवती आंतरजालावर जे लिहिलेलं आहे त्यातलं फार मोठं धुळ्याकडच्या शिरपूरबद्दल आहे. तिथली सूतगिरणी, तिथल्या शिक्षणसंस्था, सुरेश खानापूरकरांनी नाले खोल करून पाणी जिरवलं तो ‘शिरपूर पॅटर्न’. आमच्याबद्दल लिहिलेलं मूठभर, आणि त्यातलंही बहुतेक देवळाच्या भांडणाचं. मग जिथं माहिती तोकडी पडते तिथं थोरल्या शिरपूरची येऊन बसते. आणखी घोळ असा की अरुणावती नावाची नदी धुळ्याच्या शिरपूरलाही आहे आणि आमच्या वाशिम-यवतमाळकडंही आहे. मालेगाव दोन, हे तर सांगितलंच. ज्याला भूगोल पायाखाली घालायचा नाही, त्याला दोन शिरपूर, दोन मालेगाव आणि दोन अरुणावत्या सुट्या करणं कठीणच. म्हणूनच विचारणाऱ्याला उलट विचारायला हवं. खिडकीतला माणूस तेच करीत होता.

देवळाच्या वाटेवर वडिलांचं लहानसं दुकान होतं. नारळ, साखरफुटाणे, उदबत्ती, वह्या, सुतळी, रॉकेलची चिमणी, असं काहीबाही. यात्रेकरू दुकानात कमी घेत आणि जास्त विचारीत. धर्मशाळा कुठं, पेढी कुठं, पवळीचं जुनं मंदिर किती लांब, उकळलेलं पाणी कुठं मिळेल, सूर्य मावळायच्या आत जेवण मिळेल का. वडिलांना जे ठाऊक ते सांगत आणि जे नसे त्याला त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. ‘ते मले नाई मालूम, तुमी अमक्याले पुसा.’ हा अमका नेहमी नावानिशी असे. पवळीचं गुरुजींना पुसा, पाण्याचं मुनीमजींना पुसा, मोटारीचं चौकातल्या हॉटेलवाल्याला पुसा. कधीकधी तो अमकाही पुढं दुसऱ्याकडं पाठवी. असं करत माणूस ज्याला खरोखर ठाऊक आहे त्याच्या ओट्यावर जाऊन पोचे. वेळ लागे. पण वाटेत गावातल्या कोणाला काय कळतं, हेही त्याला कळे.

देवाची कथा विचारली, की वडील आधी एक गोष्ट स्पष्ट करीत. मी जैन नाही, ऐकलेलं सांगतो. मग सांगत. एलिचपूरचा, म्हणजे आजच्या अचलपूरचा, राजा श्रीपाल. अंगावर रोग. रानात एका डबक्याच्या पाण्यानं तोंड-हात धुतले आणि तेवढाच भाग बरा झाला. मग स्वप्न पडलं, पाण्यातली मूर्ती निघाली, कोवळी वासरं जुंपलेल्या गाडीत ठेवली. मागं वळून पाहू नको, अशी आज्ञा होती. राजाला गाडी हलकी लागली, राहवेना, त्यानं वळून पाहिलं. गाडी पुढं गेली आणि मूर्ती जिथल्या तिथं अधांतरी राहिली. कुणी म्हणे तेव्हा डोक्यावर घागर घेतलेली बाई मूर्तीखालून जाई, कुणी म्हणे घोडेस्वार जाई. आता पातळ कापड आरपार सरकतं, असं सांगतात.

इथवर कथा साधारण सारखी. पुढं फाटे फुटत. मूर्ती वाळू आणि शेणाची का पाषाणाची, ती मुळात कुणी घडवली, तिची पूजा कोणत्या रीतीनं व्हायची, लेप द्यायचा का नाही. श्वेतांबरांचं सांगणं एक, दिगंबरांचं एक. वडील दोन्ही सांगत, पण एकात एक मिसळू देत नसत. ‘हे असं म्हनतात, ते तसं म्हनतात. खरं त्यायलेच पुसा.’ एकदा कुणा पाहुण्यानं फार आग्रह केला, तुम्ही इथले, तुम्हाला काय वाटतं ते सांगा. वडिलांनी वजनं तराजूतून काढून ठेवली आणि म्हणाले, मले वाटून काय उपयोग, मी काई त्या काळी होतो का?

लहानपणी मला हे बोलणं टाळाटाळीचं वाटे. मोठी झाल्यावर त्याचं मोल कळलं. कारण आमच्या गावात या उत्तरावर नुसतं कुतूहल अवलंबून नव्हतं. १९०५ साली दोन्ही पंथांनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या होत्या. तरी खटला उभा राहिला, अकोल्याहून नागपूरला गेला, नागपूरहून थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, आणि १९२९ साली तिथला निकाल आला. वऱ्हाडातल्या एका खेड्यातलं देऊळ, आणि त्याचे कागद बोटीनं सातासमुद्रापार! एवढं होऊनही वाद मिटला नाही. १९८१ साली देवळाला कुलूप लागलं. तेव्हापासून तळघरातल्या त्या काळ्या मूर्तीचं दर्शन लहानशा झरोक्यातून घेत एक अख्खी पिढी वाढली. लांबून आलेली म्हातारी माणसं झरोक्याला डोळा लावून उभी राहत आणि मागच्यासाठी जागा करून बाजूला होत. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, मार्चमध्ये दार उघडलं, आणि त्याच महिन्यात दोन्ही बाजूंच्या माणसांत हाणामारीही झाली. चार दशकं झाकलेला निखारा विझलेला नव्हता.

अशा गावाबद्दल यंत्रानं काय सांगावं? मी एकदा श्वेतांबर भाविकाच्या तोंडी शोभेल असा प्रश्न टाकला. उत्तर त्या बाजूला झुकलं. पुन्हा नव्यानं सुरुवात करून दिगंबर भाविकाच्या शब्दांत तोच प्रश्न टाकला. उत्तर तिकडं झुकलं, आणि वर, तुमचं म्हणणं बरोबर आहे, असंही म्हणालं. कुठलीच बाजू न घेता विचारलं तेव्हा दोन्ही कथांचे तुकडे जोडून एक तिसरीच कथा तयार झाली, जी शिरपुरात कोणीच सांगत नाही. त्या कथेत राजा होता, वासरं होती, पण मूर्ती घडवणारा एका परंपरेतला आणि पूजेची रीत दुसरीतली. वाचायला ती छान होती. आमच्या गल्लीत ती वाचून दाखवली असती तर दोन्ही बाजूंची माणसं एकदमच उठून उभी राहिली असती.

माझी खरी काळजी इथं आहे. विचारणाऱ्याला हवं तसं उत्तर देणं ही सवय सगळीकडं वाईट, पण जिथं वाद धगधगता आहे तिथं ती फार वाईट. अशा उत्तराचा फोटो काढून कुणी गटावर टाकला, की तो पुरावा म्हणून फिरतो. त्याखाली सांगणाऱ्याचं नाव नसतं. मुनीमजींनी सांगितलं म्हटलं, की ऐकणाऱ्याला कळे, हे पेढीचं म्हणणं. गुरुजींनी सांगितलं म्हटलं, की कळे, हे वाचलेल्या माणसाचं. नावाबरोबर त्या माणसाची बाजूही समजे आणि किती विश्वास ठेवायचा ते आपलं आपण ठरवता येई. यंत्राच्या उत्तराला बाजू असते, पण ती दिसत नाही.

शेतीचं तर याहून रोकडं आहे. गेल्या पावसाळ्यात मी माहेरी होते. जुलै, सोयाबीन गुडघ्याच्या खाली, आणि तणानं शेत भरून आलेलं. भाच्यानं फोनला विचारलं, सोयाबीनमधल्या तणाला कोणतं औषध आणि पंपाला किती. औषधाचं नाव बरोबर आलं, मात्राही आली. तो निघाला कृषी केंद्रात, मला बाजारात काम होतं म्हणून मी त्याच्याबरोबर गेले.

दुकानदार साठीचे, वडिलांच्या ओळखीतले. भाच्यानं फोन पुढं धरला. त्यांनी फोनकडं पाहिलंच नाही, आधी विचारलं, ‘सोयाबीन किती दिवसाचं झालं? तन कोनतं, गवताचं का रुंद पानाचं? पंप साधा का बॅटरीचा?’ भाच्यानं सांगितलं. मग त्यांनी फळीवरून डबा काढला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि डब्याला चिकटवलेली घडीची पत्रिका सोडवून तिच्यावरची बारीक अक्षरं बोटानं वाचत गेले. एका ओळीवर बोट थांबलं.

‘हे पाह्य. डब्यावर हेक्टराचं लिहेल हाय. तुह्या फोननं तेच एकराचं म्हून सांगलं.’

हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. म्हणजे औषध अडीच पट गेलं असतं. भाचा गप्प झाला. दुकानदारांनी पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एकराची मात्रा, पाणी किती, पंपाला किती आणि सकाळी वारा पडलेला असताना फवार, असं लिहून दिलं. खाली सही केली नाही, पण पावतीवर दुकानाचं नाव छापलेलं होतंच. ‘अडीच पट मारलं असतं त सोयाबीन जयून गेलं असतं आन् तू मले येऊन धरलं असतं,’ असं म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. जळालेलं रोप घेऊन माणूस उद्या आपल्याच दारात येणार, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते डबा वाचल्याशिवाय बोलत नव्हते.

कृषी केंद्रवाला नेहमी खरंच सांगतो, असं मी म्हणणार नाही. महागडी बाटली गळ्यात मारणारेही असतात. त्यासाठीच वडील एका दुकानावर कधी थांबत नसत. ग्रामसेवकाला रोप दाखवत, शेजारच्या जाणत्या शेतकऱ्याला बांधावर बोलावत, आणि जमेल त्या वर्षी अकोल्याला पंजाबराव कृषी विद्यापीठाच्या शिवारफेरीला जाऊन तिथल्या शास्त्रज्ञाला गाठत. तीन ठिकाणी विचारायचं आणि जिथं तिघांचं जुळत नाही तिथं आणखी एकदा विचारायचं. औषधाच्या बाबतीत ही सावधगिरी चैन नव्हती. आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याची कारणं अनेक होती, त्यात फोनचा काही संबंध नव्हता. पण कोणतं औषध, किती, कशात कालवून आणि कोणत्या वाऱ्यात मारायचं, याचं खात्रीचं उत्तर बांधावर वेळेत न पोचणं म्हणजे काय, ते आमच्या भागानं पाहिलं आहे. डब्यावरचा लाल त्रिकोण कशासाठी असतो, हे आमच्याकडच्या बायांनाही तेव्हा पाठ झालं. ज्या भागानं हे भोगलं, तिथं हेक्टर आणि एकरांची अदलाबदल किरकोळ चूक म्हणून सोडून देता येत नाही.

शिकल्या-सवरलेल्या, कायदा जाणणाऱ्या ठिकाणीही हेच होऊ लागलं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका कंपनीची प्राप्तिकराची आकारणी रद्द केली. ती ज्या तीन निवाड्यांच्या आधारावर केली होती, ते निवाडे कुठंच अस्तित्वात नव्हते. अशा साधनांवर विसंबताना आधार पडताळून घ्यावेत, असं न्यायालयाला बजावावं लागलं. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातल्या एका केंद्रानं मार्च २०२५ मध्ये अशी आठ शोधसाधनं तपासली. बातमीतला उतारा देऊन ही बातमी कुणाची, कधीची, असं विचारलं होतं. साठ टक्क्यांहून अधिक उत्तरं चुकली, आणि चुकताना बहुतेकांनी शंकेचा सूरही लावला नाही. युरोपातल्या सार्वजनिक प्रसारण संस्थांच्या संघटनेनं बीबीसीबरोबर चौदा भाषांत तपासणी केली, तिचा अहवाल ऑक्टोबर २०२५ मध्ये आला. बातम्यांविषयीच्या ४५ टक्के उत्तरांत किमान एक मोठा दोष निघाला. त्या भाषांत, ताज्या बातम्यांबाबत ही गत. वाशिम जिल्ह्यातल्या खेड्याविषयी मराठीत विचारल्यावर काय होत असेल, याचा अंदाज त्यावरून यावा.

मराठीत खात्रीची माहिती एका जागी आणायचे मोठे यत्न झाले आहेत. श्रीधर व्यंकटेश केतकर अमरावतीत शिकले, आमच्याच वऱ्हाडात. त्यांनी ज्ञानकोशाचे खंड काढायला आयुष्य वेचलं, दारोदार वर्गणीदार मिळवले. पुढं वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या हाताखाली विश्वकोश उभा राहिला, पहिला खंड १९७६ साली आला. शाळेत असताना त्याचा एक खंड मी पहिल्यांदा हाताळला तो वाशिमला. नोंद वाचून झाली, की तळाशी लिहिणाऱ्याचं नाव असे. चूक असली तर त्या नावाची असे, वाईला पत्र टाकता येई. आता माझी भाची त्याच विषयावर फोनला विचारते, तेव्हा त्या नोंदीतलं एखादं वाक्य उत्तरात येतही असेल. पण त्याखालचं नाव गळालेलं असतं आणि त्या वाक्याच्या शेजारी कुठलं दुसरं वाक्य येऊन बसलं आहे, ते कळायला मार्ग नसतो.

पण आता एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. जुन्या विचारपूशीत सगळ्यांना जागा नव्हती. मी मुलगी. पारावर, हॉटेलात, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर जाऊन विचारायची माझी सोय नव्हती. जे विचारायचं ते वडिलांमार्फत, आणि वडिलांना विचारता येणार नाही असं असलं, तर कुणालाच नाही. पहिली पाळी आली तेव्हा मला कळलं ते एवढंच, की काय काय शिवायचं नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या माणसाला पारावरच्या जाणत्याकडून उत्तर मिळताना त्याच्या बसण्याची जागा आधी ठरलेली असे. शहाण्या म्हणवणाऱ्यांची अरेरावी होती. एवढंही समजत नाही का, हे ऐकावं लागेल म्हणून कितीतरी प्रश्न पोटातच राहत.

आज माझी भाची रात्री अंथरुणात पडल्या पडल्या फोनला हवं ते विचारते. कुणी हसत नाही, कुणी ‘तुले काय करायचं?’ म्हणत नाही. वहिनी कर्जमाफीच्या अर्जात कोणते कागद लागतात ते बोलून विचारते, तिला लिहायचा कंटाळा. ज्यांना गावानं कधी विचारू दिलं नाही, त्यांना या साधनानं विचारायला शिकवलं, आणि हे मी मनापासून चांगलं मानते. म्हणूनच मला त्याच्या चुका जास्त लागतात. ज्या मुलीला दुसरं कुणी नाही, तीच या उत्तरावर सगळ्यात जास्त विसंबणार. माझ्या भाच्याला कृषी केंद्र होतं, वडिलांच्या ओळखीचा माणूस होता, डबा उलगडून वाचणारा. भाचीनं औषधाच्या गोळ्यांबद्दल विचारलं आणि उत्तर चुकलं, तर ती ते कुणाला दाखवणार? तिला वाटेल, एवढ्या ठामपणे सांगितलं आहे म्हणजे बरोबरच असणार.

हा ठामपणा येतो कुठून, याबद्दल चॅटजीपीटी काढणाऱ्या कंपनीच्याच संशोधकांनी सप्टेंबर २०२५ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. यंत्रांच्या परीक्षा घेतात त्यात बरोबर उत्तराला गुण, चुकीला शून्य आणि ‘माहीत नाही’ म्हटलं तरी शून्य. मग ज्याला गुण मिळवायचे आहेत तो अंदाजानं काहीतरी ठोकूनच देणार. वर्षानुवर्षं अशीच परीक्षा देत ही साधनं घडली. गुण देण्याची ही रीत बदला, असं त्या निबंधात म्हटलं आहे. चुकीच्या ठाम उत्तराला दंड करा आणि माहीत नसताना माहीत नाही म्हणण्याला वाव ठेवा.

हे वाचलं तेव्हा मला राग आला आणि आशाही वाटली. राग एवढ्यासाठी, की जे माणसांना शिकवावं लागत नव्हतं ते यंत्राला शिकवायचं राहून गेलं आणि तोवर ते घराघरात पोचलं. आशा अशी, की दोष कशात आहे हे करणाऱ्यांना कळलेलं आहे. मग तो दुरुस्त करताना त्या परीक्षेत आमचेही प्रश्न घाला. एका देवाच्या दोन कथा वेगवेगळ्या सांगायचा प्रश्न घाला, कुणाची कोणती ते नाव घेऊन. १९९८ आधीचा जिल्हा आणि नंतरचा जिल्हा ओळखायचा घाला. जुलैतल्या सोयाबीनचा, हेक्टर आणि एकराचा घाला, मराठीत, वऱ्हाडीत, बोललेला आणि अर्धवट विचारलेलासुद्धा. आणि ज्या यंत्रानं मात्रेचा आकडा ठोकून न देता पीक किती दिवसांचं ते आधी विचारलं, आणि तरीही खात्री नसेल तर, मला नक्की ठाऊक नाही, डब्यावरची पत्रिका वाचा, नाहीतर करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, असं सांगितलं, त्याला पैकीच्या पैकी गुण द्या.